गॅरेज उघडं ठेवायचं की बंद? पावसाळ्यात जुनी गाडी जपायला फोन कसा कामी येतो

पाचगणीला मामांच्या घरामागे एक गॅरेज आहे. जांभ्याच्या भिंती, वर पत्रा, पुढे लोखंडी शटर. आत १९७८ ची प्रीमियर पद्मिनी उभी असते. दिवाळीपासून मे अखेरपर्यंत ती महिन्यातून दोन-तीनदा बाहेर पडते, पसरणी घाट उतरून वाईला जाऊन येते आणि पाऊस सुरू झाला की चार महिने आतच राहते.

या चार महिन्यांत घरात एकच वाद चालतो. मामा म्हणतात, "हवा खेळती पाहिजे, नाहीतर ओल धरते." उघडीप दिसली की ते शटर वर करतात. मामी म्हणतात, "अहो, बंद करा ते. ढग सगळा आत जातोय." आणि पाचगणीत ही अतिशयोक्ती नाही. समुद्रसपाटीपासून साधारण १,३०० मीटर उंचीवर ढग खरंच दारातून आत येतो.

गेल्या दिवाळीत मामांनी दरवाज्याच्या खालच्या कडेला रंगाचा एक फुगवटा बघितला. बोटाने दाबला तर पोपडा हातात आला आणि खाली तपकिरी भुगा. त्या वर्षी मी पहिल्यांदा विचार केला की या वादाचं उत्तर मोजून काढता येईल का. येतं. त्यासाठी लागतो फोन, दोन छोटे सेन्सर आणि हवामानातली एक गोष्ट, जी बहुतेक ॲप दाखवतात पण कोणी बघत नाही.

आधी, एवढं मनावर का घ्यायचं?

पद्मिनी म्हणजे मुळात फियाट ११००. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये सुरू केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती बनायची. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीतली शेवटची पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. आता ज्या उरल्या आहेत त्या अशाच कोणाच्या तरी गॅरेजमध्ये.

या गाडीला ट्रकसारखी वेगळी चासी नसते. पत्र्याची बॉडी हाच तिचा सांगाडा. म्हणजे दरवाज्याखालचा उंबरा किंवा चाकाच्या वरची पोकळी गंजली तर नुसता रंग जात नाही, गाडीचं हाड जातं.

दुसरं कारण कागदाचं. जुलै २०२१ मध्ये केंद्राच्या मोटार वाहन नियमांत बदल झाला. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं पूर्ण झालेल्या, धंद्यासाठी न वापरल्या जाणाऱ्या दुचाकी-चारचाकींना 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी मिळू शकते. फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, नूतनीकरणाला ५,००० रुपये. अट अशी की गाडी मूळ रूपात हवी. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरबदल केलेले नकोत. मामांची गाडी २०२८ मध्ये पन्नाशी गाठते. तोपर्यंत अर्धी बॉडी कापून नवा पत्रा वेल्ड करावा लागला तर 'मूळ रूप' म्हणायचं कशाला, हा प्रश्न उभा राहणारच.

टक्के बघून फसू नका

हवामान ॲपमध्ये 'ह्युमिडिटी ७२ टक्के' असं दिसतं. ही सापेक्ष आर्द्रता. म्हणजे त्या तापमानाला हवा जास्तीत जास्त जेवढी वाफ धरू शकते, त्याच्या ७२ टक्के वाफ तिच्यात आहे. आता गंमत अशी की गरम हवा जास्त वाफ धरते. २० अंशाला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त १७ ग्रॅम पाणी मावतं, ३० अंशाला ३० ग्रॅम. त्यामुळे वेगवेगळ्या तापमानाच्या दोन हवांची नुसत्या टक्क्यांवरून तुलना करणं म्हणजे छोट्या पेल्याची आणि मोठ्या तांब्याची 'अर्धा भरलाय' म्हणून तुलना करण्यासारखं.

खरा आकडा आहे दवबिंदू. ॲपमध्ये 'ड्यू पॉइंट' म्हणून लिहिलेला असतो. ही हवा ज्या तापमानापर्यंत थंड झाली की तिच्यातलं पाणी बाहेर पडायला लागतं, ते तापमान. फ्रिजमधून काढलेल्या बाटलीला घाम फुटतो, कारण बाटली त्या खोलीतल्या हवेच्या दवबिंदूपेक्षा थंड असते. गॅरेजमधली गाडी म्हणजे हजार किलोच्या आसपासची बाटलीच. इंजिनाचा ओतीव लोखंडी ब्लॉक रात्रभर गार होतो आणि दुपारपर्यंत लवकर तापत नाही.

दवबिंदू तोंडी काढायची सोपी युक्ती: १०० मधून आर्द्रतेचे टक्के वजा करा, उत्तराला ५ ने भागा आणि जे येईल ते तापमानातून वजा करा. आर्द्रता ५० टक्क्यांच्या वर असेल तर हे पुरेसं जवळ येतं.

आता मामांची उघडीप घेऊ. समजा जुलैमधली सकाळ आहे. गॅरेजच्या आत २१ अंश आणि ७८ टक्के. बाहेर ऊन डोकावलंय, २४ अंश आणि ७२ टक्के. टक्के बघितले तर बाहेरची हवा कोरडी वाटते, शटर उघडावंसं वाटतं. दवबिंदू काढा. आतला साधारण १७, बाहेरचा साडेअठराच्या आसपास. म्हणजे बाहेरच्या हवेत पाणी जास्त आहे. आणि इंजिनाचा ब्लॉक अजून १८ अंशाला असेल तर? आतल्या हवेत तो कोरडा होता. शटर उघडलं, बाहेरची हवा आत आली आणि ब्लॉकला, ब्रेकच्या ड्रमला, डिकीच्या आतल्या पत्र्याला घाम फुटला. 'हवा खेळती' ठेवून आपण गाडीवर पाणी शिंपडलं.

उलटं उदाहरण नोव्हेंबरचं. आत २० अंश, ८५ टक्के, दवबिंदू १७. बाहेर २५ अंश, ५५ टक्के, दवबिंदू १६ च्या खाली. बाहेरची हवा गरम आहे पण तिच्यात पाणी कमी. आता खुशाल उघडा.

तर नियम एवढाच: बाहेरचा दवबिंदू आतल्यापेक्षा कमी असेल तेव्हाच उघडायचं. पाचगणीत जूनच्या मध्यापासून सप्टेंबर संपेपर्यंत अशी वेळ फार क्वचित येते. या चार महिन्यांपुरत्या मामी बरोबर, उरलेल्या आठ महिन्यांत बहुतेक दिवशी मामा.

पाचगणीत पाऊस महाबळेश्वरच्या मानाने खूपच कमी. वीसेक किलोमीटरवरच्या महाबळेश्वरात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पडतो, पाचगणी त्याच्या पूर्वेला, पर्जन्यछायेकडे. म्हणून इथले लोक 'आमच्याकडे काही एवढं नाही' असं म्हणतात. पण गाडीला पाऊस मोजत बसायचं नसतं. धुकं दिवसभर अंगणात बसलेलं असेल तर बाहेरची हवा शंभर टक्क्यांजवळच असते, थेंब पडो न पडो.

किती टक्क्यांना गंज चढतो?

१९२० ते ३० च्या दशकांत ब्रिटनमध्ये व्हर्नन नावाच्या शास्त्रज्ञाने लोखंडाचे तुकडे वेगवेगळ्या आर्द्रतेत ठेवून बघितले. साधारण ६० टक्क्यांच्या खाली गंजण्याचा वेग अगदी कमी असतो, त्यावर गेलं की तो झपाट्याने वाढतो आणि हवेत किंवा पत्र्यावर धूळ, धूर, क्षार असतील तर आणखी वाढतो. म्हणजे थेंब दिसलेच पाहिजेत असं नाही. ७० च्या वर गेलं की सीटच्या रेक्झिनवर, छताच्या कापडावर बुरशीही धरते. गॅरेजमध्ये ५० ते ५५ टक्के हे चांगलं लक्ष्य. ४० च्या खाली नेऊ नका, जुनं रबर, लाकूड आणि चामडं सुकून तडकतं.

सेन्सर कुठला आणि कुठे?

तुमच्या फोनमध्ये आर्द्रतेचा सेन्सर आहे का? जवळजवळ नक्कीच नाही. २०१३ च्या सॅमसंग गॅलेक्सी एस४ मध्ये होता, पण फोन खिशात असताना तो खिशाचीच हवा मोजणार, मग ती कल्पना मागे पडली. चार्जिंग पोर्टमध्ये 'ओलावा आढळला' असा इशारा येतो ती वेगळी गोष्ट, ती फक्त पोर्टच्या आतली ओल ओळखते. आणि हवामान ॲप सांगतं ते त्या परिसराचं, तुमच्या गॅरेजचं नाही.

म्हणून ब्लूटूथवर चालणारे दोन छोटे तापमान-आर्द्रता सेन्सर घ्या. एक गाडीच्या खाली, जमिनीपासून वीतभर उंचीवर, कारण सगळ्यात थंड आणि दमट हवा तिथे असते. दुसरा बाहेर वळचणीला, सावलीत, पाऊस लागणार नाही असा. ब्लूटूथ जांभ्याच्या जाड भिंतीतून घरापर्यंत पोचत नाही, त्यामुळे आकडे साठवून ठेवणारा सेन्सर बघा. गॅरेजजवळ गेलात की सगळा आलेख फोनवर उतरतो. रोज एकदा बघण्यापेक्षा रात्रभराची रेघ जास्त सांगते.

हाताने जोडायची आवड असेल तर ईएसपी३२ बोर्ड आणि एसएचटी३१ सेन्सरची जोडी हा झकास प्रोजेक्ट आहे. डीएचटी११ टाळा, त्याची चूक पाच टक्क्यांची असते आणि इथे सगळा खेळच पाच-सात टक्क्यांचा आहे. बाहेरचा दवबिंदू आतल्यापेक्षा दोन अंशांनी कमी झाला की रिले चालू, भिंतीतला एक्झॉस्ट फॅन सुरू, नाहीतर बंद. कोड वीस-पंचवीस ओळींचा होतो.

सेन्सर खरं बोलतोय का हे मिठाने तपासा. बाटलीच्या झाकणात दोन चमचे मीठ घ्या, ओलं होईल इतपतच पाणी घाला, विरघळवू नका. झाकण आणि सेन्सर झिपच्या पिशवीत बंद करून रात्रभर ठेवा. ओल्या मिठावरची हवा ७५ टक्क्यांवर स्थिर होते. सेन्सर ७९ दाखवत असेल तर त्याच्या प्रत्येक आकड्यातून ४ वजा करायचे, झालं.

पत्र्याचं तापमान मोजायला कोविडच्या काळात घरोघरी आलेली ती कपाळाची बंदूक चालते, पण 'सरफेस' मोड असेल तरच. चकचकीत क्रोमवर ती खोटा आकडा देते. बंपर मोजायचा असेल तर त्यावर मास्किंग टेप चिकटवून टेपवर नेम धरा.

बंद म्हणजे खरंच बंद

आता हिशेब करू. पाच मीटर लांब, तीन रुंद, अडीच उंच गॅरेजमध्ये साडेसदतीस घनमीटर हवा. २० अंशाला ९० टक्क्यांवर तिच्यात साधारण ५८५ ग्रॅम पाणी असतं. ५५ टक्क्यांवर आणायचं तर २३० ग्रॅम काढावं लागेल. एक मोठा पेला. किती सोपं! पण शटरच्या फटी आणि पत्र्याखालची जागा यातून तासाला एकदा सगळी हवा बदलत असेल तर दर तासाला तेवढंच पाणी परत आत येतं. दिवसाला साडेपाच लिटर. म्हणूनच गाडीत सिलिका जेलची चार पाकिटं टाकून काही होत नाही. सिलिका आपल्या वजनाच्या फार तर तिसरा हिस्सा पाणी धरते. काचा वर केलेल्या गाडीच्या आत किलोभर ठेवली तर उपयोग आहे, गॅरेजसाठी नाही. निळे दाणे टाळा, त्यात विषारी कोबाल्ट क्लोराइड असतं, नारिंगी घ्या.

कपाटात ठेवतात ते ओल शोषणारे डबे, ज्यात खाली पाणी साठतं, ते गाडीत नकोतच. त्यात कॅल्शियम क्लोराइड असतं आणि साठतं ते क्षाराचं पाणी. एक डबा कलंडला की कार्पेटखालचा पत्रा गेला.

पहिला खर्च फटींवर करा. शटरच्या खालच्या पट्टीला रबर, बाजूंना ब्रश, पत्र्याच्या कडांना फोम. पश्चिमेकडून येणारा पाऊस भिंतीवर आपटतो आणि जांभा सच्छिद्र असल्यामुळे पाणी पितो. महाबळेश्वर-पाचगणी भागात पूर्वीपासून पावसाळ्याआधी घराच्या भिंतींना गवताच्या झड्या लावतात, त्या याचसाठी. आता बरेच जण प्लॅस्टिक लावतात. काहीही लावा, पण गॅरेजची भिंत विसरू नका. सगळे घराला लावतात आणि गॅरेज उघडंच सोडतात.

मग जमीन. हात-दीड हात प्लॅस्टिकचा चौकोनी तुकडा कोब्यावर चारही बाजूंनी टेपने चिकटवा, दुसऱ्या दिवशी उचला. खाली ओलं किंवा काळपट दिसलं तर जमिनीतून पाणी वर येतंय. गाडीखाली जाड प्लॅस्टिक अंथरा, वर रबर मॅट. आमच्याकडे ओल भिंतीपेक्षा जमिनीतूनच जास्त येत होती, हे मामांना मान्य करायला आठवडा लागला.

एवढं झाल्यावर डीह्युमिडिफायर घेण्यात अर्थ आहे. खोक्यावर '१२ लिटर' लिहिलेलं असतं ते बहुतेक वेळा ३० अंश आणि ८० टक्क्यांचं माप. पाचगणीच्या पावसाळ्यातल्या अठरा-वीस अंशांत तेच मशीन त्याच्या निम्म्यानेही पाणी काढेल की नाही सांगता येत नाही, म्हणून जरा मोठं घ्या. बादलीवर अवलंबून राहू नका, ती भरली की मशीन थांबतं; पाइप बाहेर काढा. आणि दुकानात एक प्रश्न नक्की विचारा: लाईट गेली आणि परत आली तर हे आपोआप सुरू होतं का? पावसात लाईट जाणारच. बटणाला हात लागेपर्यंत बंद राहणारं मशीन म्हणजे तुम्ही पुण्यात आणि गाडी ओलीत. २५० वॅटचं मशीन चोवीस तास चाललं तर दिवसाला सहा युनिट होतात, पण गॅरेज नीट बंद असेल तर ते ५५ टक्क्यांवर येऊन बराच वेळ गप्प बसतं.

एवढा खर्च नको असेल तर उष्णता हा गरिबाचा उपाय. २० अंश, ९० टक्क्यांची हवा चार अंशांनी तापवली तर पाणी तेवढंच राहूनही आर्द्रता ७२ च्या आसपास येते. पूर्वी लोक बोनेटखाली पिवळा बल्ब लावून ठेवायचे ते याच तत्त्वावर. पण पेट्रोलच्या वाफेजवळ गरम बल्ब ठेवू नका. आणि एलईडी लावून काही होणार नाही, तो तापतच नाही.

गाडीचं काय करायचं

जूनच्या आत, ऊन असताना गाडी खालून धुवा. चाकांच्या वर, मडगार्डच्या आत घाटातला चिखल सुकून बसलेला असतो आणि तोच पावसाळाभर ओल धरून ठेवतो. दरवाज्यांच्या खालच्या कडेला पाणी जायची छोटी भोकं असतात, ती काडीने मोकळी करा. मामांच्या दरवाज्याचं भोक रंगाने बुजलं होतं. फुगवटा बरोबर त्याच्या वर आला होता. धुतल्यावर गाडी दोन दिवस उन्हात पूर्ण सुकू द्या, मगच आत.

वर ताडपत्री नको. खालून आलेली वाफ तिच्या आत अडकते आणि थेंब रंगावरच पडतात. सुती किंवा हवा जाऊ देणारं कव्हर घाला.

'आठवड्यातून पाच मिनिटं स्टार्ट करून ठेवा' हा सल्ला तुम्हाला सगळे देतील. ऐकू नका. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटर पाणी तयार होतं. गाडी तापली की ते वाफ होऊन बाहेर जातं, पण पाच मिनिटांत इंजिन आणि सायलेन्सर तेवढे तापत नाहीत, मग ते पाणी आतच गार होतं. बंद गॅरेजमध्ये कार्बन मोनॉक्साइडचा धोका वेगळाच. एकतर अर्धा तास नीट चालवून आणा, नाहीतर हात लावू नका.

पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. पाणी जास्त झालं की ते इथेनॉलसकट तळाला बसतं, पत्र्याच्या टाकीच्या तळाला. चार महिन्यांसाठी टाकी रिकामी करून घेतलेली बरी. मेकॅनिककडून कार्बोरेटरही सुकवून घ्या. जमत नसेल तर टाकी काठोकाठ भरा, म्हणजे आत हवा कमी राहते.

हँडब्रेक सोडून ठेवा, चाकाला लाकडी ठोकळे लावा. ओढून ठेवला तर ब्रेक शू ड्रमला चिकटतात आणि ऑक्टोबरमध्ये चाकच फिरत नाही. बॅटरी काढून घरात आणा. टायरमध्ये हवा थोडी जास्त भरा. सायलेन्सरच्या तोंडात कापडाचा बोळा घाला, उंदीर आणि ओल दोन्ही अडतात, पण स्टिअरिंगवर 'बोळा काढा' अशी चिठ्ठी चिकटवा.

या वर्षी गॅरेजच्या शटरवर मामांनी खडूने दोन चौकटी आखल्यात, 'आत' आणि 'बाहेर'. सकाळी चहा झाला की फोन घेऊन जातात, दोन दवबिंदू लिहितात आणि मामींना हाक मारून विचारतात, "उघडू का?" परवा बाहेरचा आकडा आतल्यापेक्षा दोन अंशांनी जास्त होता. मामी आतूनच म्हणाल्या, "चष्मा लावून वाचा."